‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिलेलं नैराश्य

घरातलं एखादं माणूस वर्षानुवर्षं उदास असतं आणि त्याला आजारी कुणीच म्हणत नाही. ते वेळेवर उठतं, डबे भरतं, कामावर जातं, कर्जाचे हप्ते भरतं, लग्नकार्याला हजेरी लावतं. फक्त त्याचा जीव कशातच रमत नाही. नवी साडी घेतली काय, मुलाला चांगले गुण मिळाले काय, चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही. ‘पहिल्यापासूनच अबोल आहे ती’, ‘त्यांचं कायम असंच, कशाचं कौतुक म्हणून नाही’, असं म्हणून घरचे विषय मिटवतात. त्या माणसालाही तेच खरं वाटत असतं. अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. एवढी जुनी उदासीसुद्धा बरी होऊ शकते. त्यासाठी औषध आणि बोलण्यातून होणारा उपचार असे दोन मार्ग आहेत, आणि ते शक्यतो एकत्र वापरायचे असतात.

या आजाराला दीर्घकालीन नैराश्य म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्याच्या सौम्य प्रकाराचं नाव ‘डिस्थायमिया’ असं सापडेल. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा हा सौम्य प्रकार आणि वर्षानुवर्षं न हटणारं तीव्र नैराश्य एकाच नावाखाली आणलं. निदानाची ढोबळ कसोटी अशी: मोठ्या माणसांत किमान २ वर्षं आणि मुलांत किंवा किशोरवयात किमान १ वर्ष, बहुतेक दिवशी, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असणं. या काळात सलग २ महिन्यांहून जास्त बरं न वाटणं. आणि भूक, झोप, अंगातली ताकद, स्वतःबद्दलचा विश्वास, एकाग्रता, पुढच्या दिवसांबद्दलची आशा यांतल्या किमान दोन गोष्टी बिघडलेल्या असणं. झोप आणि भूक दोन्ही बाजूंनी बिघडतात. काहींना झोप लागत नाही, काही जण रविवारी दुपारपर्यंत उठत नाहीत. मुलं उदास दिसण्यापेक्षा चिडचिडी दिसतात, म्हणून त्यांच्या बाबतीत घरचे हमखास फसतात.

पुष्कळदा हा आजार शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो. त्यामुळे ‘पूर्वी मी कसा होतो’ हे आठवायला त्या माणसाकडे काही नसतं आणि तुलनाच होत नाही. याच जुन्या उदासीवर मधूनच तीव्र नैराश्याचा झटका येतो. त्याला दुहेरी नैराश्य म्हणतात. तेव्हा मात्र घर जागं होतं, डॉक्टर गाठले जातात, गोळ्या सुरू होतात. दोन महिन्यांत झटका ओसरतो, माणूस पुन्हा कामावर जाऊ लागतो आणि सगळे म्हणतात, ‘झाला बरा.’ खरं तर तो जिथून घसरला होता त्या पायरीवर परत आलेला असतो, आणि ती पायरीही आजाराचीच असते. उपचार नेमके इथे सुटतात. दीर्घकालीन नैराश्यात माणसांचं सर्वांत जास्त नुकसान अर्धवट सोडलेल्या उपचारांनी होतं, हे माझं ठाम मत आहे. पुढे जे सांगितलं आहे ते उपचार पुरे कसे करायचे याबद्दल आहे.

पहिल्या भेटीला जाताना

मनोविकारतज्ज्ञांच्या खोलीत गेल्यावर बहुतेकांना काही आठवत नाही. ‘बरं वाटत नाही’ एवढंच तोंडातून निघतं. म्हणून आदल्या दिवशी एका कागदावर लिहून न्यावं. उदासी साधारण कधीपासून आहे, मधे कधी पूर्ण बरं वाटलं होतं का, झोप किती वाजता लागते आणि किती वाजता मोडते, कोणती कामं अंगावर येतात, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आजवर कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या आणि का बंद केल्या. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही सोबत न्याव्यात. रक्तदाबाच्या, सांधेदुखीच्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक अशा चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं सांगावीत. दारू किती आणि किती वेळा, हे खरं सांगावं. रोजच्या दारूवर नैराश्याचं औषध नीट काम करत नाही, आणि दारूच उदासी वाढवत असते.

डॉक्टर बहुधा रक्ताच्या काही तपासण्या सांगतील. थायरॉइडचं काम मंदावलं असेल, हिमोग्लोबिन खाली गेलं असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर थकवा आणि खिन्नता जवळजवळ अशीच दिसते. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. या तपासण्या टाळू नयेत. त्याच वेळी, एक गोळी घेऊन थायरॉइड ताळ्यावर आला तरी मन उठलं नाही, तर ‘आता सगळं नॉर्मल आहे’ म्हणून थांबूही नये.

एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपणहून सांगायची. आयुष्यात कधी काही दिवस असे आले होते का, की झोप नसतानाही उत्साह उतू जात होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसा वारेमाप खर्च झाला, भलत्या योजना सुचल्या? असं घडलं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो. त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो, आणि उपचाराची दिशाच वेगळी ठेवावी लागते.

दोन्ही उपचार एकत्र का?

२००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त औषध दिलं, दुसऱ्याला याच आजारासाठी जेम्स मॅक्कलो यांनी घडवलेली बोलण्याची उपचारपद्धती, आणि तिसऱ्याला दोन्ही. १२ आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे ४८ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता. दोन्ही उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ७३ टक्के होतं. त्यात वापरलेलं नेफॅझोडोन हे औषध पुढे यकृताला इजा होत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी मागे पडलं, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही. तरीही जुन्या नैराश्यात दोन्ही उपचार जोडीनं द्यावेत, हा तज्ज्ञांचा कल टिकून आहे.

त्यामागचं कारण समजायला अवघड नाही. दहा-पंधरा वर्षं उदासीत काढलेल्या माणसाची जगण्याची रीतच तिच्याभोवती घडते. तो मागणं सोडून देतो, नकार गृहीत धरतो, भांडण टाळण्यासाठी गप्प बसतो, मित्रांचे फोन उचलत नाही. औषधानं अंगात थोडी उभारी येते, झोप सुधारते, डोकं चालू लागतं; पण या सवयी गोळीनं जात नाहीत. विहिरीला पाणी लागलं तरी पाट फुटलेले असतील तर शिवार कोरडंच राहतं. पाट बांधायचं काम बोलण्यातल्या उपचारात होतं. उलट उभारीच नसेल, तर समुपदेशकानं सांगितलेली साधी कामंही जिवावर येतात.

गावात दोन्ही सोयी नसतील तर जी आहे तिच्यापासून सुरुवात करावी. उदासी सौम्य पण फार जुनी असेल, तर नुसत्या बोलण्यापेक्षा औषध थोडं जास्त उपयोगी पडतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलं आहे. म्हणून ‘गोळी नको, फक्त बोलून बरं करा’ असा हट्ट सुरुवातीला तरी धरू नये.

औषध: धीर आणि हिशेब

आज बहुधा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्यांनी सुरुवात होते. फरक पडला नाही किंवा सोबत अंगदुखी असेल तर व्हेनलाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन येतात. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर मिर्टाझापिनचा विचार होतो. अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही जुनी औषधं अजूनही उपयोगी आहेत, पण त्यांत तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, आणि हृदयाचा आजार असेल तर जपावं लागतं. कोणती गोळी कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. आई किंवा भावाला एखादी लागू पडली असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या कामाची असते.

पहिले दहा-पंधरा दिवस सर्वांत कठीण. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, अस्वस्थता, झोपेत बदल हे त्रास या दिवसांत होतात आणि मनाला अजून काहीच फरक जाणवत नाही. ‘गोळीनं उलट बिघडलं’ म्हणून माणसं इथेच पट्टी फेकून देतात. मनावरचा परिणाम साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो आणि पुरता कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक शारीरिक त्रास तोवर कमी होतात. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गुंगी येत असेल तर रात्री आणि झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

काही त्रास मात्र आपोआप जात नाहीत, आणि त्यांबद्दल बोलायला लोक लाजतात. शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं किंवा त्यात अडचण येणं हा या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. कित्येक जण याच एका कारणानं, कुणाला न सांगता, औषध सोडतात. डॉक्टरांना हे नवीन नसतं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम कमी होऊन गोंधळल्यासारखं होऊ शकतं. अॅस्पिरिन किंवा नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर आधी सांगा, पण घाबरून औषध एकदम थांबवू नका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं, कारण त्या वयात काहींच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात.

‘सवय लागेल’ ही भीती घराघरात असते, आणि तिच्यात दोन वेगळ्या गोळ्यांची सरमिसळ झालेली असते. नैराश्याच्या गोळ्यांची तलफ येत नाही आणि नशाही होत नाही. सवय लागते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिलेल्या गोळ्यांची. त्या बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरत्या दिलेल्या असतात. होतं असं, की एका महिन्यानं माणूस दोन्ही पट्ट्या समोर धरतो, रोजची नैराश्याची गोळी ‘काही जाणवत नाही’ म्हणून बंद करतो आणि रात्री लगेच झोप आणणारी मात्र दुकानातून आणत राहतो. नेमकं उलट. म्हणून चिठ्ठी घेतानाच विचारावं: यातली कोणती गोळी दीर्घकाळ घ्यायची आहे आणि कोणती किती दिवसांत थांबवायची आहे? उत्तर पट्टीवरच पेननं लिहून ठेवावं.

पहिल्या गोळीनं काम झालं नाही तर नशिबाला दोष देऊ नये. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण तिघांतला एकच जण पूर्ण लक्षणमुक्त झाला होता. बाकीच्यांसाठी डोस वाढवणं, औषध बदलणं, लिथियमसारखं दुसरं जोडणं हे पुढचे टप्पे असतात. फारच न हटणाऱ्या आजारात चुंबकीय लहरींचा किंवा विजेचा उपचारही असतो. विजेचा उपचार आज भूल देऊन, देखरेखीखाली करतात. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो.

बोलण्याचा उपचार म्हणजे गप्पा नव्हेत

‘त्यांच्याशी बोलून काय होणार? माझ्या अडचणी ते थोड्याच सोडवणार?’ हा प्रश्न रास्त आहे. चांगला उपचारक अडचणी सोडवून देत नाही आणि उपदेशही करत नाही. मॅक्कलो यांच्या पद्धतीत काय घडतं ते जवळून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी बँकेत काम करणारे एक गृहस्थ आहेत. मंगळवारी दुपारी चार सहकारी चहाला गेले आणि यांना कुणी हाक मारली नाही. उपचारक एवढाच प्रसंग निवडतात. नेमकं काय घडलं? ‘ते उठले, हसत बाहेर गेले.’ तुम्ही त्याचा अर्थ काय लावला? ‘मी कुणालाच नको आहे.’ मग तुम्ही काय केलं? ‘मान खाली घालून व्हाउचर तपासत बसलो.’ शेवटी काय झालं? ‘संध्याकाळी कुणाशी न बोलता घरी आलो.’ आणि तुम्हाला काय व्हायला हवं होतं? इथे ते बराच वेळ थांबतात. ‘त्यांच्यासोबत चहा घ्यायचा होता.’

मग दोघं मागे जातात. ‘मी कुणालाच नको आहे’ या अर्थानं चहा मिळायला मदत झाली का? नाही. त्या क्षणी डोळ्यांना दिसलेलं तेवढंच सांगायचं, तर काय? ‘ते निघाले तेव्हा माझ्या काउंटरवर ग्राहक होता.’ मग काय करता आलं असतं? ‘थांबा, मी आलोच, असं म्हणता आलं असतं.’ हे वाक्य ते तिथेच, खुर्चीत बसून, मोठ्यानं म्हणून पाहतात. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. पुढच्या आठवड्यात ते बँकेत म्हणतात, आणि काय घडलं ते वहीत लिहून आणतात. आपल्या वागण्यानं समोर काही बदलतं, हा अनुभव दीर्घकाळ उदास असलेल्या माणसाला कित्येक वर्षांत आलेला नसतो. असे प्रसंग एकामागून एक, महिनोन्‌महिने हाताळायचे असतात.

नेमकी हीच पद्धती शिकलेले उपचारक आपल्याकडे कमी आहेत, त्यामुळे तिच्यावर अडून बसायचं कारण नाही. एरन बेक यांची विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धती, नातेसंबंधांवर काम करणारी पद्धती आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती यांचा उपयोग होतो. एलिस यांची पद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. आणखी एक साधी पद्धती म्हणजे मन लागो न लागो, ठरलेली छोटी कामं ठरल्या वेळी करणं आणि त्यानंतर कसं वाटलं ते टिपणं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेनं याच तत्त्वावर उपचार बेतला. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत, सहा ते आठ भेटींत दिला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी लक्षणमुक्त झालेल्यांचं प्रमाण ६४ टक्के होतं. हा उपचार न मिळालेल्या गटात ते ३९ टक्के होतं. हे रुग्ण सगळे जुन्या नैराश्याचे नव्हते, आणि जुन्या आजाराला सहा भेटी पुरत नाहीत. पण मोठ्या शहरातल्या महागड्या क्लिनिकशिवायही चांगला उपचार होऊ शकतो, याचा हा आपल्या शेजारचाच दाखला आहे.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारायला संकोचू नये. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञांचा. मानसशास्त्रज्ञांना तो नसतो. पहिल्याच भेटीत विचारावं, की तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता, साधारण किती भेटी लागतील, घरी काय करायला द्याल? चार-पाच भेटींनंतरही फक्त मन मोकळं होत असेल आणि जगण्यात काहीच हलत नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं. दोघा तज्ज्ञांना एकमेकांशी बोलायची परवानगी द्यावी.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जायला भरती व्हावं लागत नाही. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. त्यामुळे आपल्या पॉलिसीत नेमकं काय मिळतं ते विचारून घ्यावं. जनऔषधी केंद्रात यांतल्या बऱ्याच गोळ्या स्वस्तात मिळतात.

घरच्यांनी

‘सगळं तर आहे तुझ्याकडे, मग कशाला उदास?’ हे वाक्य थांबवा. त्याऐवजी, ‘उद्या सकाळी मी भाजी आणायला चाललोय, तूही चल,’ म्हणा. नाही म्हटलं तर परवा पुन्हा म्हणा. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना सोबत जा, पण आत उत्तरं तुम्ही देऊ नका. गोळीची आठवण करून द्या, पोलीसगिरी नको. स्वतःच्या झोपेची आणि दम खाण्याची सोय बघा, कारण हे काम महिन्यांचं आहे.

मरणाचं बोलणं कधीही हलक्यात घेऊ नका. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारल्यानं विचार पेरला जात नाही. विचारलेल्याला बहुधा सुटल्यासारखं वाटतं. होकार आला तर त्या माणसाला एकटं ठेवू नका. कीटकनाशकाचे डबे आणि औषधांचा साठा घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा जवळचं रुग्णालय गाठा. रात्र असेल तर १४४१६ किंवा ११२ लावा.

कधी थांबवायचं?

बरं वाटायला लागल्यावर औषध लगेच बंद करावंसं वाटतं. एरवीच्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. जुन्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या आजारात हा काळ दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. बंद करताना डोस काही आठवडे ते काही महिने हळूहळू उतरवायचा. एकदम थांबवलं तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी. हा त्रास काही दिवसांत सुरू होतो, आजार उलटायला मात्र बहुधा आठवडे किंवा महिने लागतात. हा फरक डॉक्टरांना सांगता यावा म्हणून तारखा लिहून ठेवा. परीक्षा, लग्न, बदली, बाळंतपण अशा काळात डोस उतरवायला घेऊ नका.

समुपदेशकाच्या शेवटच्या भेटी एका यादीसाठी राखून ठेवा: माझा आजार परत येताना आधी काय दिसतं? एखाद्याची पहाटे तीनला झोप मोडते, एखादी फोन उचलणं टाळते, कुणाचा पेपर दोन-दोन दिवस न उघडता पडून राहतो. ही यादी घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडेही द्या, आणि तिच्यातल्या दोन-तीन गोष्टी सलग दोन आठवडे दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.